धाकट्या खडपावर काय ऐकू येतं

हरेश्वर, आधी कबुली देऊन टाकतो. तुझ्या मयताला आलो आणि भलत्याच माणसासाठी रडलो.

तुझ्या लेकीचा, वैशूचा फोन आला तसा गिरगावातून टॅक्सी करून वरळी कोळीवाड्यात उतरलो. गल्लीच्या तोंडाशी माणसं जमलेली, बायका रडतायत, फुलं आलीयत. मी गर्दीत शिरलो, भिंतीला टेकलो आणि जे काही छातीत साठलं होतं ते सगळं ओतलं. चांगली दहा मिनिटं. मग शेजारची बाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही आजीचे कोण?" आजी. वय वर्षं ब्याण्णव. तुझं घर मागच्या गल्लीत. तिथे पोचेपर्यंत माझं रडं आटलेलं होतं. तुला उचललं तेव्हा मी कोरड्या डोळ्यांनी, टॅक्सीवाल्यानं दिलेली सुटी नाणी मुठीत धरून उभा होतो. तुझा भाऊ माझ्याकडे बघत होता. म्हणाला असेल मनात, एवढा मोठा दोस्त आणि डोळ्यांत टिपूस नाही.

तू असतास तर म्हणाला असतास, "ए गिरगाव, तुला मयतपण धड गाठता येत नाय."

माझं नाव तू कधी घेतलंच नाहीस. कचेरीत समोरासमोरच्या टेबलांवर बसायला लागलो त्या पहिल्या आठवड्यापासून मी 'गिरगाव'. चूक माझीच. तू कोळी आहेस हे कळल्यावर मी डबा खाता खाता म्हणालो होतो की आम्ही मूळचे मालवणचे, मासळीतलं आम्हाला कोणी शिकवू नये. तू शांतपणे विचारलंस, "कधी गरवलंयस?" गळ टाकून मासा धरणं म्हणजे गरवणं, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. मी म्हणालो, "हो तर." खरं सांगायचं तर तोवर मी मासा फक्त दोन ठिकाणी पाहिला होता. बाजारात आणि ताटात.

त्यानंतरच्या रविवारी तू मला होडीत बसवलंस. तुझ्या बापाची होडी. बाप गेल्यावर भावानं मोठी ट्रॉलर घेतली. तू नोकरी धरलीस आणि ही लाकडाची होडी रविवारपुरती ठेवलीस. विकायला नाही, पोटाला नाही, नुसत्या हौसेला. वाड्यातले लोक हसायचे तुला. सहा दिवस फायली आणि सातव्या दिवशी गरी. त्यात सोबतीला मी, म्हणजे त्यांच्या हसण्याला तोटाच नव्हता.

धाकटं खडप हे तुझं ठिकाण. वर नुसतं पाणी, खाली खडक. नकाशात नाही, पाटी नाही. तू मागे वळून किनाऱ्याकडे बघायचास. परळच्या बाजूचं एका गिरणीचं धुराडं वरळीच्या किल्ल्याच्या बरोबर डोक्यावर आलं की म्हणायचास, "टाक नांगर." मी नांगर टाकायचो. पहिल्या वेळी मी दोरीचं दुसरं टोक होडीला बांधायचं विसरलो होतो. तुझ्या बापाचा नांगर आजही धाकट्या खडपावर आहे. हौसेला माणूस बरा मिळाला तुला.

त्याच दिवशी तू इंजिन बंद केलंस, वल्हं उभं पाण्यात सोडलंस आणि त्याच्या मुठीला कान लावून बसलास. मला वाटलं तुझा कान दुखतोय. तू बोट ओठांवर ठेवलंस. बराच वेळ. मग तोंडभर हसलास. "घोळ. खाली बोलतेय."

मला कळेना. तू समजावलंस. घोळ तळाशी कळपानं येते तेव्हा आवाज करते, तो पाण्यातून लाकडात चढतो आणि लाकडातून कानात. तुझ्या बापाला बापानं शिकवलं, तुला तुझ्या बापानं. भावाला नाही. भाऊ लहानपणापासून इंजिनावर, त्याला शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नसे. मी विचारलं, "आवाज कसा असतो?" तू म्हणालास, "सांगून कळत नाय ते. कान लाव." आणि वल्हं माझ्या हातात दिलंस.

मी कान लावला. मला लाटेची चपचप ऐकू आली. माझ्याच पोटात वहिनींच्या पोळ्या फिरत होत्या, ते ऐकू आलं. दुसरं काही नाही.

"आयकू येतंय?"

"हो."

हरेश्वर, सगळं इथून सुरू झालं. मालवणचा माणूस नाही कसा म्हणणार? त्यातून पाच मिनिटांत तुझ्या दोरीला घोळ लागली, मांडीएवढी, पाण्याबाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर पितळी झाक होती. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. "कान हाय तुला." आयुष्यात मला कोणी इतकं मोठं प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं. ते परत करण्याची माझी छाती झाली नाही. मग तीस वर्षं दर हंगामात तू वल्हं पुढे करायचास आणि मी डोळे मिटून, मान डोलावून म्हणायचो, "आहे. भरपूर आहे." एकदा तर वल्हं पाण्यात पोचलंच नव्हतं. तू गरीला आमिष लावत होतास, मी वल्हं मांडीवर आडवं घेऊन कान लावला आणि म्हणालो, "डावीकडे बोलतेय." तू वल्ह्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि पोट धरून हसलास. तुला वाटलं मी गंमत करतोय. मी तर पुरता गंभीर होतो.

आणि तेव्हा तळ भरलेला होता, त्यामुळे माझं खोटं पचत गेलं. मी काहीही बोललो तरी खाली काहीतरी असायचंच. दाढा मासा असायचा. त्या दाढ्याचं मी काय केलं ते वहिनी अजून विसरलेल्या नाहीत. हात मोकळा राहावा म्हणून मी माझी दोरी त्यांच्या तीन पुडांच्या डब्याच्या कडीला बांधली होती. दाढ्यानं ओढ दिली तशी डबा उडाला आणि भाकरी, भुजणं, भात सगळं घेऊन पाण्यात गेला. तू जाणाऱ्या डब्याकडे बघत म्हणालास, "वरच्या पुडात लोणचं होतं." इतकंच. घरी गेल्यावर वहिनींना सांगितलंस, "गिरगावनं दाढ्याला जेवायला घातलं."

शिंगाळा तर इतका यायचा की आपण कंटाळायचो. मिशांचा, बुळबुळीत, पाठीवर विषारी काटा. तो मी धरला अर्थातच काट्यावरच. हात पावासारखा सुजला. मी बोंबलत होतो आणि तू थर्मासमधला कढत चहा त्या हातावर ओतत होतास. कळ उतरली. मग तू थर्मास उलटा करून बघितलास. "चहा पण गेला," म्हणालास. हरेश्वर, गेल्या कित्येक वर्षांत मी शिंगाळा डोळ्यांनी पाहिलेला नाही. हात पुढे करून बसलोय, कोणी तो काटा मारत असेल तर.

तो कुठे गेला ते आपण दोघांनी पाहिलं होतं, खरं म्हणजे. तुझ्या भावाची ट्रॉलर रिकामी होत होती, किनाऱ्यावर शिंगाळ्यांचा ढीग. त्यात पिवळ्या गोट्या सांडल्या होत्या, द्राक्षाएवढ्या. मी एक उचलून विचारलं, "हे मासे द्राक्षं खातात?" बायका हसल्या. तू हसला नाहीस. "अंडी हाईत ती. नर तोंडात घेऊन फिरतो, पोरं निघंपर्यंत. तेवढे दिवस काय खात नाय तो." मग तू खाली बसून त्या गोट्या गोळा करायला लागलास. ओंजळभर झाल्या तशा गुडघाभर पाण्यात जाऊन सोडल्यास. मी काठावरून ओरडलो, "अरे, बाप इकडे ढिगात आहे, पोरं तिकडे कुठे सोडतोस?" माझा विनोद. बायका पुन्हा हसल्या. तू पाण्यातून वर येताना माझ्याकडे बघितलं नाहीस.

त्यावरून आपलं जे भांडण लागलं ते तसंच राहिलं. मी म्हणायचो समुद्र एवढा मोठा, चार जाळ्यांनी काय होतं, मासे शहाणे झालेत, दुसरीकडे गेलेत. तू म्हणायचास, "समुद्र मोठा हाय. तळ नाय. ही म्हावरं तळाला घर करतात आणि जाळं घर खरवडून नेतं." मी म्हणायचो, मग सांग भावाला. तिथे तू गप्प व्हायचास. एकदाच बोललास. "काय सांगू? आयचं आपरेशन त्याच जाळ्यावर झालं. वैशूचं कालेज पण." मी लगेच वकिली केली, म्हणजे तूही सामील. वाद जिंकला मी. असले वाद मी नेहमी जिंकायचो. आणि गाबोळी भरलेली घोळ लागली की पिशवी सांभाळत गिरगावात घरी नेणारा कोण होता? एका घोळीच्या पोटात पुढच्या किती घोळी असतील, हे मी तळलेल्या गाबोळीचा तुकडा मोडताना कधी मनात आणलं नाही. चव मात्र आठवते.

मग हळूहळू सगळं पातळ होत गेलं. आधी धुराडं पाडलं, तिथे टॉवर उभा राहिला. तू म्हणालास बरंच झालं, टॉवर उंच आहे, लांबून दिसतो. तीन वर्षांत त्याच्यापुढे दुसरा आला, मग तिसरा, शेवटी खूण कुठली आणि टॉवर कुठला हे तुलाही सांगता येईना. समुद्रात खांब आले, भराव आला. आपण धाकटं खडप अंदाजानं शोधायचो, शिसं तळाला आपटून. खट् वाजलं की खडक. कधी कधी खट् वाजायचंच नाही, मऊ काहीतरी लागायचं. गाळ. गरीला यायचा बोटाएवढा ढोमा, तोही एखादा. एकदा साडीच्या दुकानाची अख्खी पिशवी आली आणि मी म्हणालो, बघ, वहिनींसाठी खरेदी झाली. तू गरी सोडवलीस, पिशवी घडी करून होडीत ठेवलीस. तरी दर रविवारी जायचो. मी विचारलंही, हे कशासाठी? तू म्हणालास, "बोलेल कधीतरी."

दोन वर्षांपूर्वीचा तो रविवार. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, पाणी निवळ, वारा पडलेला. तू म्हणालास, असल्या दिवशी नसेल तर कधीच नसेल. इंजिन बंद केलंस. कान लावलास. मी घड्याळ बघितलं नाही, पण ऊन तुझ्या गुडघ्यावरून छातीवर आलं इतका वेळ तू तसाच होतास. जागा बदललीस, पुन्हा कान लावलास. मग दुसरा कान. शेवटी वल्हं माझ्याकडे दिलंस आणि माझ्या तोंडाकडे बघत बसलास. असा तू कधी बघत नसायचास. नेहमी तू आमिषाच्या मागे असायचास.

"तू बघ रं."

मी कान लावला. चपचप. बाकी नेहमीचंच, काही नाही.

तुला आता वाटत असेल मी तुझी दया येऊन बोललो. लोकांनाही मी तसंच सांगू शकलो असतो. पण तुझ्याशी आता खोटं बोलण्यात काय अर्थ? मी काहीच विचार केला नाही. तीस वर्षांची जीभ, ती आपोआप वळली. "आहे की," मी म्हणालो. "बारीक आहे. पण आहे."

तू नांगर ओढायला लागलास. मी म्हटलं गरी तर टाकू. तू म्हणालास, "म्हणजे कानच गेलं माजं." आणि हसलास, हरेश्वर. इतक्या दिवसांनी तू मोकळा हसलास. परतताना वाटेभर तू भावगीतं म्हटलीस. मला वाटलं, चला, एक खोटं सत्कारणी लागलं.

त्यानंतर तू होडी काढली नाहीस. मी फोन केला की म्हणायचास, बहिऱ्याचं काय काम तिकडं, तू जा कुणाबरोबर. मी थट्टा करायचो. फोनवर इतका ओरडून बोलायचो की आमच्या वाडीत खालच्या मजल्यावरचे जोशी विचारायचे, तुमच्या मित्राची तब्येत कशी आहे आता. मशीन लाव कानाला, म्हणायचो. तू म्हणायचास, "काय?" मी पुन्हा ओरडायचो. तू पुन्हा "काय?" या करमणुकीत दोन वर्षं गेली. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटायचो, भेळ खायचो, घोळीचा विषय मी काढला की तुझं "काय?" सुरू. माझ्या बावळटपणाची कमाल बघ, मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांचं कुजबुजणं ऐकून तू हसायचास, ते मी बघायचो, आणि तरीही तुझ्याशी ओरडूनच बोलायचो.

तुझ्या तेराव्याला जेवणं झाल्यावर वैशू माझ्याजवळ येऊन बसली. मी जिभेला चाळा म्हणून सांगायला लागलो, तुझे बाबा बहिरे झाल्यापासून माझा घसा कसा बसला. ती माझ्याकडे बघत राहिली.

"काका, बाबांचे कान चांगले होते."

मी म्हटलं, "काय?" आता माझी पाळी.

ती म्हणाली, "तुम्ही शेवटचे होडीत गेलात त्या रविवारानंतर मीच त्यांना घेऊन गेले होते दादरला, कानाच्या डॉक्टरकडे. हट्ट धरून बसले होते. सगळं तपासलं. डॉक्टर म्हणाले, या वयात असे कान बघायला मिळत नाहीत. लोक असं ऐकलं की खूश होतात ना. बाबा जिन्यात बसले. उठेचनात. रडले, काका. मी त्यांना आजी गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं."

ती पुढे म्हणाली, "मला म्हणाले, गिरगावला सांगू नको. त्यानं माझ्यासाठी खोटं सांगितलंय. त्याला वाईट वाटंल."

हरेश्वर, तू बहिरा असण्याची आशा धरून गेला होतास. कान गेलेले चालतील, तळ राहू दे. ती आशा तुला मी दिली होती, काही विचार न करता, आणि डॉक्टरनं ती परत घेतली. आणि मग तू दोन वर्षं माझ्यासमोर बहिऱ्याचं सोंग घेतलंस, माझी लाज राखायला. तळ गेला हे तुला कळलं होतं. घोळ, दाढा, शिंगाळा, बापानं दाखवलेलं सगळं. माणूस गेला तर दहा माणसं येऊन बसतात. तू ते सुतक एकट्यानं पाळलंस, कारण ज्याच्याशी बोलायचं तो मी, आणि मी तर म्हणत होतो की मला ऐकू येतंय. मी 'नाही' म्हणालो असतो तर आपण होडीत दोघं बसलो असतो. दुसरं काही झालं नसतं. मासे आले नसते. दोघं बसलो असतो, एवढंच.

आणि त्यातही तू मला दिलंस ते माझं नाही. तुला वाटलं मी तुझ्यासाठी एकदाच खोटं बोललो. ते एकदा नव्हतं रे, आणि तुझ्यासाठी तर नव्हतंच. हे तुला सांगायचं राहिलं. दोन वर्षांत सांगायला पन्नास संध्याकाळी होत्या, आणि तू तर सगळं ऐकू शकत होतास.

वैशूला यातलं काही ठाऊक नाही. पंगतीच्या पत्रावळी उचलल्या जात होत्या, वहिनी आत निजल्या होत्या. ती जवळ सरकून म्हणाली, "काका, एक विचारू? मी कधी होडीत आले नाही. बाबा म्हणायचे, सांगून कळत नाही, कान लावावा लागतो, नेईन एकदा. राहून गेलं. ट्रॉलरवाल्या काकांना ठाऊक नाही, वाड्यात कुणालाच नाही. बाबांबरोबर ऐकलेले तुम्ही एकटेच उरलात. कसा असायचा हो घोळीचा आवाज?"

तीस वर्षांत पहिल्यांदा माझी जीभ वळली नाही. एखादी गुरगुर काढून दाखवणं किती सोपं होतं. तिनं ती जपली असती, पुढे आपल्या मुलांना काढून दाखवली असती.

"मला माहीत नाही, वैशू," मी म्हणालो. "मी कधी ऐकलाच नाही."

ती हसली. मला ओळखते ना लहानपणापासून. काकांची काहीतरी गंमत चाललीय, असं वाटलं तिला. मांडी घालून नीट बसली, हनुवटी तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "सांगा ना."